किसनरावांचा शब्द

आमच्या घरात रेडिओ बोलत असेल तर माणसांनी गप्प बसायचं, असा बाबांचा नियम होता. तो एवढा कडक होता की चुलीवरची भाकर फुगली तरी माय ती थापटताना हात जपून वापरायची. बाबा गावातल्या मराठी शाळेत मास्तर. त्यांच्या आधी आमच्या घराण्यात कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबांचा जन्म दुसऱ्यांच्या वावरात गेला. त्यामुळे बातम्या ऐकणं ही बाबांना करमणूक वाटत नसे, ते काम वाटे. रेडिओ कोनाड्यात, बुद्धाच्या तसबिरीच्या खाली. समोर खाटेवर बाबा, पाय जमिनीला टेकवून, वर्गात साहेब तपासायला आल्यासारखे ताठ. आत अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसलेली असायची. हमरस्त्यावरून निर्मलकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर लांबून यायची आणि तिकडे वावरांत डुकरं हाकणाऱ्यांचे पत्र्याचे डबे वाजत असायचे. एवढ्या सगळ्यातून बाबा दिल्ली आणि न्यूयॉर्क वेगळं काढून ऐकत.

मी तेव्हा आदिलाबादच्या कॉलेजात जात होते. आमचं गाव नेरडीगोंड्याच्या बाजूचं, हमरस्त्यापासून बरंच आत. सकाळची पहिली बस धरली तरच पहिला तास मिळायचा. दुसरी बस कॉलेज अर्धं झाल्यावर पोचायची. त्या पहिल्या बससाठी आमच्या बौद्धवाड्यातून एकच वाट होती, किसनरावांच्या दोन वावरांमधून जाणारी पांदण. नाल्याच्या अंगाने दुसरा रस्ता होता, पण तो इतक्या फेऱ्याचा की बस हमखास चुकायची. वाड्यातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. नांदेडचा मामा दर सणाला एखादं स्थळ घेऊन यायचा आणि माय बाबांकडे बघायची. बाबा म्हणायचे, शिकते आहे तोवर नाही. म्हणजे कॉलेज सुटलं की लग्न, हे मला न सांगता कळलेलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर ज्वारी हुरड्यावर आली आणि रानडुकरांनी कहर मांडला. जंगल काही लांब नव्हतं. कळप शिरला की रात्रीत वावर लोळवून जायचा. डबे वाजवून वाजवून माणसं थकली आणि किसनरावांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खांबावरून वीज घेऊन वावराभोवती उघडी तार ओढली. दोन्ही वावरांमध्ये पांदण येत असल्यामुळे रात्री तार पांदणीतूनही आडवी जायची, घोट्याच्या उंचीवर. सकाळी त्यांचा गडी ती उचलायचा. किसनराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर वाचणारा लगेच त्यांना मिशा लावून मोकळा होईल. शांत, कमी बोलणारे कास्तकार. माझ्या वह्यांना पुठ्ठे लागले तर त्यांच्याकडच्या खताच्या पिशव्यांचे कागद यायचे. पण डुकराला मारणारी तार माणूस ओळखत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही.

एका सकाळी मी पांदणीला लागले तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. वाड्यातला एक पिवळा कुत्रा रोज माझ्यापुढे पळायचा, त्याला बसपर्यंत मला पोचवायची सवय होती. तो पुढे गेला आणि पडला. आवाजसुद्धा केला नाही. आधी वाटलं, काही हुंगतोय. मग वास आला. मी होते तिथेच उभी राहिले, पुढे पाऊल टाकवेना आणि मागेही फिरता येईना. गडी उशिरा उठला होता, बाकी काही नाही. पुढे वर्षानुवर्षं मी वर्गात मुलांना शस्त्रस्पर्धा शिकवली, मोठमोठे शब्द वापरले, पण तो विषय निघाला की माझ्या नाकात तोच वास यायचा.

बाबा त्याच दिवशी किसनरावांकडे गेले. पोलिसांत जा, वीज कचेरीत दरखास्त द्या, असं काही जण म्हणाले, कारण अशी तार लावणं तेव्हाही गुन्हाच होता. पण वाड्यातली निम्मी माणसं कापूस वेचायला किसनरावांच्याच वावरात जात होती. बाबांना भांडण नको होतं, वाट हवी होती. किसनराव म्हणाले, तार माणसासाठी लावलेली नाही, डुकरांसाठी लावली आहे. आणि त्यांनी शब्द दिला: पहिल्या बसच्या आधी वीज बंद आणि आडवी तार उचललेली असेल. फक्त एक अट, वाड्याची ढोरं-शेळ्या वावरात शिरल्या नाही पाहिजेत. आमच्याकडे असा शब्द द्यायचा तर मारुतीच्या पारावर बेल-भंडारा उचलून देतात. देणारा हळद आणि बेलाचं पान घेणाऱ्याच्या हातावर ठेवतो, घेणारा ते कपाळाला लावतो, आणि मग तो शब्द दोघांवर बसतो. किसनरावांनी पान पुढे केलं. बाबांनी हात मागे घेतला. आम्ही तो मार्ग सोडलेला होता, देवाच्या नावाने घेणं-देणं बाबांना मंजूर नव्हतं. ते नम्रपणे म्हणाले, मला तुमचा शब्द पुरे आहे. किसनरावांनी ते पान पारावर ठेवलं.

घरी येऊन बाबांनी हे सांगितलं तेव्हा माय भाकर भाजत होती. “बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात,” ती म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकर उलटली.

त्याच दिवसांत कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठरली. विषय आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी निवडला होता: अणुबॉम्ब असलेल्या देशांनी बॉम्ब नसलेल्या देशांना दिलेली हमी पुरेशी आहे की नाही. सर वरंगलकडचे तेलुगू गृहस्थ, हिंदी बोलताना प्रत्येक शब्दाला दम देऊन बोलायचे. हमी पुरेशी आहे, ही बाजू माझ्या वाट्याला आली. त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. बॉम्ब असलेले मोजके देश आहेत. बाकीच्यांना ते म्हणतात, तुम्ही बॉम्ब करू नका, तशी सही करा. दुबळे देश विचारतात, मग उद्या तुम्हीच आमच्यावर टाकलात तर? त्यावर जगाच्या सभेत या बलाढ्य देशांनी एकेकट्याने उठून, आपापल्या शब्दांत सांगितलं की तुमच्यावर आम्ही तो वापरणार नाही. एकाने बिनअट सांगितलं. बाकीच्यांच्या बोलण्यात कुठे ना कुठे “पण” होता. तुम्ही दुसऱ्या बॉम्बवाल्याच्या साथीने आमच्यावर चालून आलात, तर मात्र आमचा शब्द मोकळा. दुबळ्या देशांची मागणी साधी होती, की हे तोंडी नको, सगळ्यांना मिळून बांधेल असा एक करार करा. आज मी हे लिहिते आहे, माझे केस पांढरे होऊन जमाना झाला, आणि तसा करार अजून झालेला नाही.

बाबांना हा विषय फार आवडला. रेडिओवर त्यातलं काही आलं की ते बोट वर करून मला बोलवायचे. माझं भाषण त्यांनीच अर्धं रचलं. शब्दावर जग चालतं, असं त्यात एक वाक्य होतं. ते वाक्य मी पांदणीतून जाताना मोठ्याने म्हणायचे, कारण तिथे मला भीती वाटायची. आडवी तार उचललेली असायची, वीज बंद असायची, किसनराव शब्द पाळत होते. तरी त्या जागेवर आले की मी पाय उचलून, जणू ती तिथे आहेच असं समजून, ओलांडून जायचे. रोज. शब्द पुरेसा आहे असं तोंडाने म्हणत आणि पायाने न मानत.

मग शेळी शिरली. कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या घरी शेळीच नव्हती. दुपारी किसनराव आमच्या दारात आले. ते पहिल्यांदाच आमच्या अंगणापर्यंत आले होते. माय पाणी घेऊन बाहेर आली, त्यांनी ते घेतलं नाही, बसलेही नाहीत. उन्हात उभं राहूनच बोलले.

“गुरुजी, माहा शब्द मी वापस घेऊन राह्यलो. आजपासून तारेची वेळ मी सांगणार नाई.”

बाबांनी विचारलं, शेळी कोणाची? ते म्हणाले, कोणाची बी असो, वाडा तर तुमचाच हाये. बाबा म्हणाले, तुम्ही शब्द दिला होता. तेव्हा किसनराव म्हणाले, “शब्द दिला होता, पण तुमी घेतला कुठं? पान तर पारावरच राह्यलं.”

बाबा तत्त्वाने वागले होते आणि त्या तत्त्वानेच त्यांच्या हातातून वाट काढून घेतली. गावात ज्याला त्याला विचारलं तर तोही हेच म्हणाला, की भंडारा कपाळी लागला नाही तर शब्द कसा बसेल. गावाच्या रीतीने किसनराव बरोबर होते. आणि त्यांनी निदान दारात येऊन सांगितलं, न सांगता वीज सोडली नाही, हेही त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मला मात्र त्या वेळी यातलं काही दिसत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की शेळी आत आली की नाही हे तेच ठरवणार, कुणाची हेही तेच ठरवणार, आणि बटनही त्यांच्याच हाताखाली. बळी तो कान पिळी, यापलीकडे त्या शब्दात काही उरत नव्हतं.

माझं कॉलेज बंद झालं. नाल्याच्या वाटेने जाऊन पाहिलं, बस निघून गेली. मी घरात बसून भाषणाचा कागद घडी करत आणि उलगडत राहिले. मायने मामाला निरोप पाठवायचं बोलून दाखवलं. ती काही दुष्टपणाने म्हणाली नव्हती. “पोरगी जित्ती राह्यली तर शिकीन ना,” ती बाबांना म्हणाली. तिनेही तो कुत्रा पाहिला होता, तिनेच तो गड्याकडून पुरून घेतला होता. मला तिचा राग आला आणि तिचं खरंही वाटलं. त्या दिवसांत आमच्या घरात रेडिओ लागला नाही.

रविवारी बाबांनी पारावर गाव बोलावलं. मी वाड्यातल्या बायांबरोबर मागे उभी होते. गावाने किसनरावांना विनवलं, गुरुजींच्या पोरीचं शिक्षण बुडतं आहे, पुन्हा शब्द द्या. किसनरावांना गावापुढे वाईट दिसायचं नव्हतं. ते म्हणाले, देतो, आणि या खेपेस शेळीची अटही घालत नाही. माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असंही म्हणाले. कुणीतरी बेलाचं पान आणायला उठलं. सगळे बाबांकडे बघायला लागले, आता तरी गुरुजी हात पुढे करतात का. मलाही वाटलं, करावा. माझ्यासाठी एकदा करावा.

बाबा म्हणाले, पान राहू द्या. मग किसनरावांकडे वळून, वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, “किसनराव, तुमची द्वारका बी हिच्यासंगं त्याच वाटेनं कॉलेजात पाठवा. मले दुसरी हमी नको.”

द्वारका म्हणजे किसनरावांची धाकटी. दहावीपर्यंत ती माझ्या शेजारी बसायची, गणितात माझ्यापेक्षा हुशार. पास झाल्यावर तिला घरी बसवलं होतं, एकटी मुलगी बसने कशी जाईल म्हणून. किसनरावांचा चेहरा उतरला.

“माह्या पोरीचा इथं काय संबंध?”

“माह्या पोरीचा जेवढा, तेवढाच,” बाबा म्हणाले. “तुमच्या शब्दावर माहा विश्वास हाये. तुमचा बी असन ना?”

यावर काय बोलणार? नाही म्हणावं तर स्वतःच्या शब्दावर स्वतःचाच भरवसा नाही असं गावापुढे कबूल केल्यासारखं होतं. किसनराव उठले, पायात वहाणा घातल्या आणि घरी गेले. लोक म्हणाले, गुरुजींनी गोष्ट तोडली, आता वाट कायमची गेली. परत येताना मायही तेच म्हणाली. बाबा हात मागे बांधून चालत होते.

आताशा टीव्हीवर मी युक्रेनच्या बातम्या बघते. त्या देशाने आपल्याकडचे बॉम्ब परत दिले तेव्हा बलाढ्य देशांनी कागदावर सह्या करून त्याच्या सीमांची हमी घेतली होती. सही करणाऱ्यांतलाच एक पुढे रणगाडे घेऊन आत आला, आणि बाकीचे, त्या कागदाचा नेमका अर्थ काय यावर बोलत बसले. माझा नातू विचारतो, आजी, मग त्यांनी कागद घेतलाच कशाला? मला त्याला सांगावंसं वाटतं की ज्याच्याजवळ काही नाही त्याला कागद तरी हवा असतो, तेवढा आधार तुडवून जाऊ नये. पण बाबा पारावर जे म्हणाले ते माझ्या मनातून जात नाही. हमी देणाऱ्याचं स्वतःचं काही त्या वाटेवर चालत नसेल, तर त्याला ती मोडताना दुखणार कुठे?

स्पर्धेचं इथेच सांगून टाकते. मी सरांना गाठून म्हटलं, मला दुसरी बाजू द्या, हमी पुरेशी नाही ही. सरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सर, आमच्या गावात एक शेळी शिरली. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी बाजू बदलून दिली. माझा दुसरा नंबर आला. पहिला ज्याचा आला त्याचा आवाज मोठा होता.

पण तिथवर मी पोचले ती अशी. पारावरच्या त्या बैठकीनंतर किसनरावांकडून काहीच निरोप आला नाही. मग एका संध्याकाळी त्यांचा गडी वाड्याच्या तोंडाशी येऊन एवढंच सांगून गेला की उद्या सकाळी द्वारकाबाई बसला जाणार आहेत, सुजाताबाईंना तयार राहायला सांगा. मायने भल्या पहाटे उठून भाकर आणि जवसाची चटणी बांधून दिली. ती माझ्या वेणीला फार वेळ लावत होती, मला सोडायला तिचा हात तयार नव्हता. बाबा माझ्याबरोबर पांदणीच्या तोंडापर्यंत आले.

द्वारका आधीच येऊन उभी होती. नव्या वहाणा, आईची शाल, छातीशी दोन वह्या. थंडीने तिचे ओठ काळे पडले होते आणि ती हसत होती. मी तिच्याकडे धड बघितलंही नाही. मी वाटेकडे बघत होते. आडवी तार नव्हती. ती तर सकाळी नसायचीच. पण धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, खुंटांनाही तार नव्हती. पांदणीच्या डाव्या अंगाला नाही, उजव्या अंगाला नाही. नुसते खुंट होते, लांबपर्यंत.

“तार बंद हाये?” मी विचारलं.

“बंद नाई, काढून टाकली,” द्वारका म्हणाली. “आबांनी काल सांजच्याला सगळी गुंडाळली, स्वतः. आता रातभर वावरातल्या माळ्यावर बसून डबा वाजवनार म्हणते. माय बोलली, ज्वारी जाईन सारी. तर म्हणले, जाऊ दे. ज्या वाटेनं पोरगी जाते तिथं तार कोन ठेवते?”

बाबांनी ते ऐकलं. ते त्या रिकाम्या खुंटांकडे बघत राहिले. त्यांची मागणी पूर्ण झाली होती, मागितलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. “चला, बस निघून जाईन,” एवढंच ते म्हणाले. द्वारका माझा हात धरून ओढायला लागली. मला तिच्यासाठी बरं वाटत होतं, कॉलेज वाचलं म्हणून रडू येत होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली असा राग पेटला होता की मला तिच्या हातातला हात सोडवून घ्यावासा वाटला. दिवाळी झाल्यापासून ती तार तिथे होती, आणि त्या वाटेने एक पोरगी रोज जातच होती.